चार्ली पार्कर आणि तंतुवाद्ये : लोकप्रिय गीतांच्या एका ध्वनिमुद्रिकासंचाचा विचार

३० नोव्हेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्क येथे आल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याने सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. गाणी सर्वांच्या परिचयाची होती. कोणी संगीतिकेतील, कोणी चित्रपटातील, कोणी नुसतीच घरोघर पियानोवर वाजविली जाणारी. साथीला नेहमीचे चार-पाच जॅझवादक नव्हते; व्हायोलिन, व्हिओला, चेलो, हार्प आणि ओबो अशी, एरवी पाश्चात्य अभिजात संगीताच्या सभागृहात शोभणारी वाद्ये होती. निर्माता नॉर्मन ग्रांझ याने मर्क्युरी कंपनीसाठी काढलेला हा संच 'चार्ली पार्कर विथ स्ट्रिंग्ज' या नावाने १९५० साली प्रसिद्ध झाला. पार्करच्या हयातीत त्याच्या ज्या ध्वनिमुद्रिका सर्वांत अधिक खपल्या त्यांत याची गणना होते. आणि जॅझच्या चोखंदळ चाहत्यांनी पार्करला सर्वांत अधिक बोल लावले तेही याच संचावरून.

आरोप थोडक्यात असा होता : ज्या कलावंताने १९४५ च्या सुमारास 'बीबॉप' नावाची अत्यंत वेगवान, अवघड आणि बंडखोर शैली उभी केली, त्यानेच आता गुळगुळीत व्हायोलिनांच्या गादीवर बसून बाजारी गाणी वाजवावीत, हे अधःपतन होय. या आरोपाचे समर्थन करणारे आजही भेटतात. आणि त्याच्या उत्तरादाखल 'पार्कर तो पार्करच, साथ कसलीही असो' असे म्हणून मोकळे होणारेही भेटतात. दोन्ही मते ऐकण्याचे श्रम वाचवितात. संच लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला वेगळीच गोष्ट जाणवते. पार्करच्या अन्य ध्वनिमुद्रिकांत जे झाकलेले राहते ते येथे उघडे पडलेले आहे, ते म्हणजे ज्ञात चालीशी त्याचा असलेला व्यवहार. हा व्यवहार उघडा पडण्यास ज्या साथीला दोष दिला जातो तीच कारणीभूत झाली, असे दाखविता येण्यासारखे आहे.

त्यासाठी प्रथम बीबॉपमध्ये गाण्याचे काय होत असे हे पाहिले पाहिजे. अमेरिकन लोकप्रिय गीत हे बहुधा बत्तीस 'बारां'चे असते. चार मात्रांचा एक बार धरला तर एकशे अठ्ठावीस मात्रांचे एक आवर्तन, असे म्हणता येईल. त्या आवर्तनाला दोन अंगे असतात. एक वरची चाल आणि दुसरे तिच्याखालून ठराविक क्रमाने सरकत जाणारे स्वरसंघ, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचे समूह. आपल्याकडील गायक राग धरून ठेवतो आणि बंदिशीच्या मुखड्याकडे परत येतो. जॅझवादक स्वरसंघांचा क्रम धरून ठेवतो आणि आवर्तनाच्या आरंभाकडे परत येतो. रागात षड्ज अचल राहतो. येथे पायाच दर बाराला किंवा दोन बारांना बदलतो, आणि बदलत्या पायावर उपज करावयाची असते. तुलना येथेच थांबविणे इष्ट, कारण पुढे ती ओढूनताणून लावावी लागते.

बीबॉपच्या वादकांनी यातील वरचे अंग टाकून खालचे तेवढे ठेवले. पार्करने २६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेली 'को-को' ही कृती हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिचे स्वरसंघ रे नोबल याच्या १९३८ मधील 'चेरोकी' या गाण्याचे. चाल मात्र त्या गाण्याची नाही. त्या दिवशीचा एक अपुरा प्रयत्नही उपलब्ध असून त्यात वादक 'चेरोकी'ची मूळ चाल सुरू करतात आणि वादन मध्येच थांबविले जाते. पुढच्या प्रयत्नात चाल गेली, स्वरसंघ राहिले. 'हाउ हाय द मून'वरून 'ऑर्निथॉलॉजी' झाले. गर्श्विनच्या 'आय गॉट ऱ्हिदम'वरून तर कितीतरी नव्या रचना झाल्या. यामागे सौंदर्यदृष्टी होती तसाच व्यवहारही होता. अमेरिकेतील रिवाजाप्रमाणे चालीवर आणि शब्दांवर मालकी हक्क चालत असे, स्वरसंघांच्या क्रमावर चालत नसे. चाल बदलली की मूळ गीतकाराला मानधन देण्याचे कारण उरत नसे, आणि छोट्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना हे सोयीचे होते. क्रांतीच्या मुळाशी काही वेळा हिशेबाची वहीही असते.

मंद गतीच्या गाण्यांत नाव बदलण्याची ही प्रथा कमी होती, तरी चाल टाकण्याची वृत्ती तेथेही होतीच. तिचा पाया कोलमन हॉकिन्स या टेनर सॅक्सोफोनवादकाने ऑक्टोबर १९३९ मध्ये 'बॉडी अँड सोल'च्या ध्वनिमुद्रणात घातला. तेथे पहिल्या काही बारांनंतर मूळ चाल जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि तरीही ती तबकडी अमाप खपली. पार्करने २८ ऑक्टोबर १९४७ रोजी डायल कंपनीसाठी गर्श्विनचे 'एम्ब्रेसेबल यू' वाजविले, तेव्हा तो याही पुढे गेला. गाण्याचे नाव तबकडीवर छापलेले नसते तर सामान्य श्रोत्याला ते ओळखणे कठीण गेले असते. एक छोटीशी स्वराकृती घेऊन ती तो वेगवेगळ्या पायांवर फिरवितो, आणि त्यातून एक स्वतंत्र गीतच निर्माण होते. या वादनाला पार्करच्या श्रेष्ठ कामगिरीत स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात मूळ गाण्याचे काय झाले हे समजण्यासाठी श्रोत्याला ते गाणे स्वतःच्या मनात समांतर चालू ठेवावे लागते. हे अमेरिकेतील १९४७ चा श्रोता करू शकत असेल. आजच्या विद्यार्थ्याला, विशेषतः ज्याच्या कानावर ती गाणी लहानपणापासून पडलेली नाहीत त्याला, ते अशक्यप्राय आहे.

आता नोव्हेंबर १९४९ मधील संचाकडे वळू. 'वाद्यवृंद' या शब्दाने मनात जो विस्तार उभा राहतो तो येथे मुळीच नाही. व्हायोलिनवादक तीन (ब्रॉनिस्लाव्ह गिंपेल, मॅक्स हॉलंडर, मिल्टन लोमास्क), व्हिओलावर फ्रँक ब्रीफ, चेलोवर फ्रँक मिलर, हार्पवर मायोर रोझेन आणि ओबोवर मिच मिलर. तालविभागात पियानोवर स्टॅन फ्रीमन, डबल बासवर रे ब्राउन, ड्रमवर बडी रिच. म्हणजे गज फिरविणारे पाचच. चित्रपटगीतांतील व्हायोलिनांचा ताफा ऐकण्याची सवय असलेल्या कानांना हा संच चौकडी-वृंदाच्याच जवळचा वाटावा. वादक मात्र एकेक नामांकित होते. गिंपेल हा स्वतंत्र मैफली करणारा पोलिश व्हायोलिनवादक. फ्रँक मिलर हा तोस्कानिनीच्या एन.बी.सी. वाद्यवृंदातील अग्रणी चेलोवादक; रोझेन पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा प्रमुख हार्पवादक झाला. आणि मिच मिलर! हा उत्तम ओबोवादक त्याच काळात मर्क्युरीत लोकप्रिय संगीताच्या निवडीचे काम पाहत होता. १९५० पासून कोलंबिया कंपनीत तो त्या क्षेत्रातील अत्यंत वजनदार निर्माता बनला, आणि १९६० नंतर दूरचित्रवाणीवर सामुदायिक गाण्याच्या कार्यक्रमाने घरोघर पोचला. बाजारी संगीत आणि कलासंगीत यांच्यातील भिंत किती पातळ होती हे पाहावयाचे असेल तर या एका माणसाच्या चरित्राकडे पाहावे.

वाद्यवृंदाची योजना जिमी कॅरोल याची. तिच्याविषयी फारसे चांगले लिहिणे अवघड आहे. आरंभी हार्पची एक लहर, मग व्हायोलिनांचे लांबविलेले स्वर, मध्ये ओबोचा एखादा हळवा उद्गार. नभोवाणीवरील त्या काळच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांत जे ऐकू येई त्याहून निराळे असे यात काही नाही. स्वरसंघांची मांडणी नेटकी पण अपेक्षित आहे. तंतुवाद्ये क्वचितच स्वतंत्रपणे काही बोलतात. बडी रिचसारखा ड्रमवादक येथे बहुतेक वेळ ब्रशच्या हलक्या घासांवर समाधान मानतो. आरोप करणारांचे एवढे म्हणणे मान्य केलेच पाहिजे.

पण या योजनेचा एक गुणधर्म आहे, आणि तो चांगला की वाईट हे आधी न ठरविता पाहिला पाहिजे. ती लिहिलेली आहे. छोट्या जॅझसंचात पियानोवादक वादकाचे ऐकत असतो; वादकाने अनपेक्षित स्वर घेतला तर क्षणात स्वरसंघ बदलून तो स्वर सामावून घेतो. ड्रमवादक एखाद्या आघाताला आघाताने उत्तर देतो. अशा संचात पार्करची कोणती कल्पना त्याची स्वतःची आणि कोणती सहकाऱ्याने सुचविलेली, हे वेगळे काढणे कठीण असते. येथे पाच तंतुवाद्यांसमोर कागद आहे. पार्करने काहीही केले तरी पुढच्या बारात तेच स्वर वाजणार. त्याने मूळ स्वरसंघाच्या जागी मनातल्या मनात दुसरा कल्पून त्याचे स्वर घेतले, तर ते खालच्या लिहिलेल्या स्वरांशी घासणार आणि ते घासणे स्पष्ट ऐकू येणार. त्यामुळे प्रत्येक वेळी त्याला निर्णय घ्यावा लागतो : खालच्या स्वरांशी जुळवून घ्यावयाचे, की घासून जाऊन पुढच्या बारात सुटका करून घ्यावयाची. संवाद करणारा दुसरा कोणी नसल्यामुळे प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकट्या सॅक्सोफोनला वाजवावी लागतात.

दुसरे असे की, अशा साथीत मूळ चाल टाकून देता येत नाही. तंतुवाद्यांची सर्व रचना चालीभोवती विणलेली आहे. श्रोता ती चाल ऐकण्यासाठीच तबकडी विकत घेणार आहे. आणि मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या हिशेबाने गाणे तीन-साडेतीन मिनिटांत संपवावयाचे आहे. मंद गतीला एवढ्या वेळात बत्तीस बारांची दीड-दोन आवर्तनेच बसतात. साऱ्या संचातील सहा गाणी मिळून वीस मिनिटेही होत नाहीत. म्हणून चाल सांगणे आणि चालीवर उपज करणे ही दोन कामे, जी अन्यत्र एकामागून एक होतात, ती येथे एकाच वेळी करावी लागतात.

'जस्ट फ्रेंड्स' हे गाणे यासाठी तपशिलाने पाहण्यासारखे आहे. जॉन क्लेनर याची चाल आणि सॅम लुइस याचे शब्द असलेले हे १९३१ चे गाणे मूळचे संथ आणि विरहाचे आहे. आता केवळ मैत्री उरली, प्रेम नाही, असा त्याचा आशय. स्वतःच्या ध्वनिमुद्रिकांपैकी हीच पार्करला विशेष प्रिय होती असे सांगतात. या गाण्याची रचना एका बाबतीत असामान्य आहे. बहुतेक गाणी षड्जावरील स्वरसंघाने सुरू होतात. हे मध्यमावरील स्वरसंघाने सुरू होते. पहिल्या दोन बारांत मध्यम, शुद्ध धैवत आणि षड्ज हे स्वर एकत्र असतात. पुढच्या दोन बारांत धैवत कोमल होतो; मध्यम आणि षड्ज तेथेच. पाचव्या बारात षड्जाचा स्वरसंघ येतो आणि कोमल धैवत पंचमावर उतरतो. म्हणजे गाणे आपल्या घरी पोचण्याआधी आतल्या एका स्वराची शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम अशी अर्ध्या-अर्ध्या स्वराची उतरण होते. जे हातचे गेले त्याची जाणीव हळूहळू होत जावी तसा हा क्रम आहे. क्लेनरची चाल दीर्घ स्वरांची असल्यामुळे ही आतली उतरण ऐकू येण्यास अवकाश मिळतो. आणि तोच अवकाश पार्करला कामास येतो.

ध्वनिमुद्रिकेत हार्प आणि तंतुवाद्ये प्रास्ताविक वाजवीत असतानाच पार्कर द्रुत स्वरांची एक लड फेकून प्रवेश करतो. चाल अजून सुरू झालेली नाही, आणि वादक तिच्याआधीच येऊन उभा आहे. मग चाल येते. तिचे मुख्य स्वर जागच्या जागी आहेत, कोणत्याही श्रोत्याला ओळखू यावेत इतके; परंतु ज्या ठिकाणी गायकाने एक स्वर लांबविला असता त्या ठिकाणी पार्कर तो स्वर आखूड करून उरलेल्या जागेत चौपट गतीच्या तानेसारखी आकृती भरतो, आणि चालीच्या पुढच्या स्वरावर नेमका वेळेवर येऊन पोचतो. ती आकृती केवळ शोभेची नसते. धैवत शुद्धाचा कोमल होताना ती त्या बदलत्या स्वराला स्पर्श करते. तंतुवाद्यांत हा बदल एका लांबलचक स्वराच्या पोटात, लक्ष न जाईल असा, घडलेला असतो. सॅक्सोफोन त्यावर बोट ठेवतो. साथीने जे मऊ कापडात गुंडाळले ते वादकाने उलगडून दाखविले, असे येथे वारंवार होते.

मध्यंतरी फ्रीमनचा पियानो काही बार घेतो. तो सुबक आहे, आणि याहून अधिक बोलण्याची गरज नाही. नंतर पार्कर परत येतो तेव्हा तो चालीपासून अधिक दूर जातो, तरीही तिचे वळणाचे स्वर तो सोडीत नाही. त्याच्या ध्वनीकडेही येथे लक्ष द्यावे. पाच तंतुवाद्ये बोटांच्या सततच्या कंपाने स्वर थरथरवीत असताना पार्करचा स्वर जवळजवळ कंपरहित, थोडा कठीण आणि कडेला धार असलेला आहे. गोड साथीत गोड होण्याचा मोह त्याने टाळला. आरोप करणारांनी ही एक गोष्ट जरी ऐकली असती तरी 'शरणागती' हा शब्द त्यांना वापरवला नसता.

बाकीच्या पाच गाण्यांत हा गुण सारखा नाही. गर्श्विनच्या १९३५ मधील 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातील 'समरटाइम' सोळाच बारांचे, अंगाईच्या वळणाचे आहे. पार्कर तेथे चालीच्या सर्वांत जवळ राहतो आणि तिला ब्लूजचा, म्हणजे निग्रो लोकगीतांतून आलेल्या चढ्याउतऱ्या गंधाराचा, स्पर्श देतो. व्हर्नन ड्यूकच्या १९३२ मधील 'एप्रिल इन पॅरिस'मध्ये ओळी लांब आणि भारदस्त आहेत. रॉजर्सचे 'आय डिडन्ट नो व्हॉट टाइम इट वॉज' आणि मॅट डेनिसचे 'एव्हरीथिंग हॅपन्स टू मी' ही ठीक उतरली आहेत. 'इफ आय शुड लूज यू'मध्ये योजना इतकी भावविवश आहे की सॅक्सोफोनलाही तिच्यातून मार्ग काढताना श्रम पडलेले जाणवतात.

हा सारा उपक्रम निर्मात्याने लादला होता काय? पुराव्याचा कल उलट आहे. १९५३ साली नॅट हेंटॉफ याने 'डाउन बीट' या नियतकालिकासाठी पार्करची मुलाखत घेतली. तीत त्याने बाजारीपणाचा आरोप नाकारला, नव्या ध्वनिसंयोगांचा आपण शोध घेत होतो असे सांगितले, आणि तंतुवाद्यांची मागणी आपण १९४१ पासूनच करीत होतो अशीही पुस्ती जोडली. त्या सालाविषयी कोणी शंका घेऊ शकेल. इच्छेविषयी घेता येणार नाही. डिसेंबर १९४७ मध्ये नील हेफ्टी याच्या 'रिपिटिशन' या मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेत पार्कर आयत्या वेळी सामील झाला होता. त्याच्यासाठी त्या रचनेत जागा ठेवलेली नव्हती, तरी तिच्यावरून त्याने मनसोक्त उपज केली. स्ट्राव्हिन्स्की आणि हिंडेमिट यांच्या कृती तो आवडीने ऐकत असे, आणि अखेरच्या काळात एडगार व्हारेझ याच्याकडे रचनाशास्त्र शिकण्याची त्याची इच्छा होती.

या इच्छेला एक सामाजिक बाजूही आहे, आणि ती वगळून या संचाचा विचार पुरा होत नाही. पार्कर कॅन्ससमध्ये जन्मलेला, शेजारच्या मिझूरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या रात्रीच्या मद्यालयांत घडलेला कृष्णवर्णीय वादक. १९४९ मध्ये अमेरिकेतील मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय वादक जवळजवळ नव्हतेच. ३० नोव्हेंबरच्या त्या संचातही पार्कर आणि रे ब्राउन हे दोघे सोडून सारे गौरवर्णीय होते. व्हायोलिन हे त्या समाजात नुसते वाद्य नव्हते. सभागृहात, प्रतिष्ठेत आणि 'गंभीर संगीत' या पदवीत प्रवेश देणारे ते प्रमाणपत्र होते. पॉल व्हाइटमन आणि आर्टी शॉ या गौरवर्णीय वाद्यवृंदप्रमुखांनी तंतुवाद्ये जॅझमध्ये आणली तेव्हा त्याला उन्नती म्हटले गेले होते. पार्करने तीच मागितली तेव्हा त्याला तडजोड म्हणण्यात आले. ज्यांनी असे म्हटले ते बहुधा त्याचे शुभचिंतकच होते. पण कृष्णवर्णीय कलावंताने 'अस्सल' राहण्यासाठी कोठे आणि कशाच्या साथीने वाजवावे हे दुसऱ्यांनी ठरवावे, यात जी अडचण आहे ती त्यांच्या लक्षात आली नाही.

संच यशस्वी झाल्यावर पार्करने तंतुवाद्ये घेऊन क्लबांत आणि रंगमंचांवर कार्यक्रम केले. येथे मात्र कागदाचे बंधन खरोखरीच जाचक ठरले. तबकडीवर एकदा वाजविण्यापुरते जे शिस्तीचे होते, ते रात्रीमागून रात्र त्याच प्रास्ताविकासह, त्याच ठिकाणी थांबणाऱ्या साथीसह वाजविणे म्हणजे वेठ. १७ सप्टेंबर १९५० च्या कार्नेगी हॉलमधील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यातील 'एप्रिल इन पॅरिस' आणि मूळ तबकडीवरील तेच गाणे लागोपाठ ऐकावे. साथ तीच, सॅक्सोफोनच्या आकृती निराळ्या. एक घटक स्थिर असल्यामुळे दुसऱ्याच्या चलतेचे मोजमाप करणे अभ्यासकाला येथे जितके सोपे जाते तितके जॅझमध्ये अन्यत्र क्वचितच जाते. पदव्युत्तर वर्गांत उपज या विषयाची तुलना शिकविताना या जोडीचा उपयोग करण्यासारखा आहे.

अशा संचांना आज सर्रास 'कव्हर' गीतांचा संच म्हणतात. १९४९ च्या बाबतीत हा शब्द जपून वापरावा. 'कव्हर' म्हटले की आधीची एक मूळ ध्वनिमुद्रिका गृहीत धरली जाते. 'जस्ट फ्रेंड्स' किंवा 'एप्रिल इन पॅरिस' यांना तशी एकमेव मूळ ध्वनिमुद्रिका नव्हती; ती गाणी छापील कागदावर होती आणि अनेकांनी गाइलेली होती. पार्कर ज्याच्याशी व्यवहार करीत होता ती चाल होती, कोणा एकाचे गायन नव्हते. १९६८ मध्ये स्टॅन गेट्झ या टेनर सॅक्सोफोनवादकाने बर्ट बकरॅक याच्या गाण्यांचा संच वाद्यवृंदासह काढला, तेव्हा परिस्थिती बदललेली होती. बकरॅकची गाणी डिऑन वॉरविकच्या आवाजात आणि विशिष्ट वाद्ययोजनेतच लोकांच्या कानात बसली होती. तेथे सॅक्सोफोनला चालीशीच नव्हे, तर एका आवाजाच्या आठवणीशीही झगडावे लागते, आणि गेट्झसारख्या अत्यंत मधुर ध्वनीच्या वादकालाही तो झगडा सर्वत्र जिंकता आलेला नाही.

मात्र याच गेट्झने १९६१ मध्ये 'फोकस' या संचात तंतुवाद्यांच्या प्रश्नाचे एक निराळे उत्तर दिले होते. एडी साउटर याने तेथे गाणी घेतलीच नाहीत. तंतुवाद्यांसाठी स्वयंपूर्ण रचना लिहिल्या आणि सॅक्सोफोनसाठी एकही स्वर लिहिला नाही. तंतुवाद्ये तेथे गादी होत नाहीत; ती धावतात, अडवितात, डिवचतात. कॅरोलच्या योजनेत जे उणे होते ते साउटरने भरून काढले. पण ज्ञात चाल गेल्यामुळे 'जस्ट फ्रेंड्स'मध्ये जे ऐकू येते ते तेथे ऐकू येणे शक्य नाही.

पार्करला स्वतःलाही हे उणेपण जाणवत होते असे मानण्यास आधार आहे. १९५० च्या उन्हाळ्यात जो लिपमन याच्या योजनेने आणखी आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली. व्हायोलिने पाच झाली, फ्रेंच हॉर्नची भर पडली, 'लॉरा'सारखे चित्रपटगीत आले, पण पद्धती तीच राहिली. वाद्यवृंद मोठा झाल्याने साथ अधिक बोलकी होत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. तथापि त्याच सप्टेंबरातील कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमात 'रॉकर' नावाची एक रचना आहे. ती लोकप्रिय गीत नव्हे. तेवीस वर्षांच्या जेरी मलिगन याची ती मूळची माइल्स डेव्हिसच्या नऊ वादकांच्या संचासाठी होती. येथे व्हायोलिने लांब स्वर धरून बसत नाहीत. आखूड, तुटक आकृतींनी ती तालविभागाबरोबर चालतात, आणि पार्कर त्यांच्या अंगावरून न जाता त्यांच्यामधून जातो. श्रोत्यांकडे पाहून निवडलेल्या गाण्यांच्या ओळीत ही एक रचना मुद्दाम बसविलेली दिसते. कंपनीने तिचे ध्वनिमुद्रण कधीही केले नाही. ती ऐकावयाची तर कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांतूनच ऐकावी लागते, ज्यांत तंतुवाद्ये ध्वनिक्षेपकापासून दूर आहेत आणि त्यांचे निम्मे काम कानावर पडतच नाही.